दोष कुत्र्याचा की झाकणाचा?

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मराठीत बोललं की सिस्टर रागवायच्या आणि घरी इंग्रजीत बोललं की आजी! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या काही चुका संपादकांनी सुधारल्या असतील, उरलेल्या माझ्या. विषयही काही फार थोर नाही. विषय आहे कचऱ्याची बादली, आणि ती रोज रात्री पाडणारी आमच्या हॉस्टेलची कुत्री.

तिचं नाव केटी. हे नाव कुठल्या बॅचने ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण कारण सगळ्यांना पाठ आहे. एकदा मागे लागली की सुटत नाही! विटकरी रंग, एक कान दुमडलेला, आणि चेहरा असा की व्हायवाला बसलेल्या एक्स्टर्नललाही दया यावी. रात्री दहाला मेस बंद झाली की ती गर्ल्स हॉस्टेलच्या मागच्या जिन्यापाशी येते. तिथे प्रत्येक मजल्याची एक, अशा तीन निळ्या बादल्या रात्रभर उघड्या असतात. झाकणं एके काळी होती म्हणे. सकाळी साडेसातला सफाईच्या मावशी येतात, तोपर्यंत एक तरी बादली आडवी झालेली असते.

गेल्या सेमिस्टरला ओरल्सच्या आदल्या दिवशी तिन्ही आडव्या झाल्या. मॅगीची पाकिटं, बिर्याणीची हाडं, चहाचे कप... आणि वर्तमानपत्रात गुंडाळून टाकलेले सॅनिटरी पॅड. (हे मासिकात लिहायचं का, यावर रूममेटशी अर्धा तास वाद झाला. मी म्हटलं, रस्त्यावर पडलेलं सगळ्यांनी पाहिलं, मग कागदावर लिहायला काय हरकत आहे?) तो रस्ता मेसकडे जातो. मुलं नाश्त्याला निघाली होती. कुणी मान वळवली, कुणी हसलं. आमच्यातल्या एकीला रडू आलं. वरच्या गॅलरीतून चौघी-पाचजणी ओरडत होत्या, "हाकला त्या केटीला! मारा तिला!"

तेवढ्यात मावशी आल्या. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, पदर खोचला, खाली वाकल्या आणि सगळं उचलायला लागल्या. हातात ग्लोव्हज नव्हते. गॅलरीतल्या आम्ही सगळ्याजणी एकदम गप्प झालो. मग एकेक करून आत गेलो. मीसुद्धा.

संध्याकाळी नोटीस बोर्डवर नोटीस लागली, "कुत्र्यांना खायला घालताना आढळल्यास दंड करण्यात येईल." नोटीस योग्यच होती. पण तीत बादलीबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्या रात्री कॉमन रूममध्ये जोरदार चर्चा झाली. एका पक्षाचं म्हणणं, कॉर्पोरेशनची गाडी बोलवा. दुसरा पक्ष, वॉचमन काकांना काठी द्या. तिसऱ्या पक्षाने (यात भावी केमिकल इंजिनिअर होत्या) बादलीवर फिनाईल आणि तिखट टाकायची योजना मांडली. बादलीला झाकण लावू या असं म्हणणारा चौथा पक्ष मात्र नव्हता. तो पक्ष काढण्यासाठी हा लेख.

माझं मत सरळ आहे. कुत्रा कचरा काढतो तेव्हा चूक कुत्र्याची नसते, कचरा तसा ठेवणाऱ्याची असते. आणि चूक आपली असते तेव्हा उपायही आपल्याच हातात असतो. हे मत मी हॉस्टेलमध्ये नाही, घरी शिकले. आणि ते स्वस्तात पडलं नाही.

आमच्या नाशिकच्या घरी ब्रुनो आहे. लॅब्रेडोर, वय वर्षे सहा. खादाड हा शब्द त्याच्यासाठी कमी पडतो. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असं आढळलं की जवळजवळ एक चतुर्थांश लॅब्रेडोर कुत्र्यांच्या एका जीनमध्ये असा बदल असतो की त्यांची खाण्याची ओढ जास्त असते. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या बाबांचीही टेस्ट करून घेऊ या."

दोन वर्षांपूर्वीची मे महिन्याची सुट्टी. पाहुणे आले होते, दोन डझन आंब्यांचा रस झाला होता. साली आणि कोयी ओट्याखालच्या उघड्या बादलीत. आईने झोपायच्या आधी मला सांगितलं, "बादली मागच्या गॅलरीत ठेव आणि दाराला कडी घाल." मी मोबाईलवर सिरीज बघत होते. "ठेवते गं," म्हटलं. ठेवली नाही.

सकाळी स्वयंपाकघरभर साली. ब्रुनो कोपऱ्यात, कान मागे, नजर जमिनीवर. बाबांनी पेपरची गुंडाळी केली आणि त्याच्यावर ओरडले, "बघा कसा चोरासारखा बसलाय! याला सगळं कळतं!" दोन फटके बसले. मी चहा पीत होते. बादली आत कशी राहिली हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी ब्रुनोला उलट्या सुरू झाल्या. त्याने तूप लावलेल्या पोळीकडे पाठ फिरवली तेव्हा आई घाबरली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, एक्स-रे काढला, सोनोग्राफी केली. आतड्यात कोय अडकली होती. डॉक्टर म्हणाले, कोय पचत नाही आणि अडकली की पुढेही सरकत नाही, उशीर झाला तर आतडं सडतं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. अकरा टाके, अठरा हजार रुपये, आणि तीन दिवस तो वाचेल की नाही याचा घोर. तो वाचला. नसता वाचला तर हा लेख मी लिहिला नसता, कारण खरं सांगायची माझी हिंमत झाली नसती.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी बाकीची यादी सांगितली. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्या होतात, त्या घशात किंवा आतड्यात रुततात. दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस कोयीसारखंच अडकतं. चॉकलेट विषारी. कांदा-लसणाने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. द्राक्षं आणि मनुक्यांनी किडनी जाऊ शकते. बुरशी आलेलं अन्न तर वाईटच. मी मनात आमच्या बादलीतल्या वस्तू मोजत होते. यादीतलं जवळजवळ सगळं तिच्यात रोज असतं.

आता "चोरासारखा बसलाय" याबद्दल. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, "खायचा नाही" म्हणून सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. काही वेळा कुत्र्याने खाऊ खाल्लेला असे, काही वेळा नसे, पण मालकाला मुद्दाम खोटंही सांगितलं जाई. निष्कर्ष काय निघाला? तो अपराधी चेहरा कुत्र्याने गुन्हा केला की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो चेहरा होत होता. न खाल्लेल्या कुत्र्यालाही ओरडा बसला की तो तस्साच चेहरा करत होता! म्हणजे ब्रुनो बाबांच्या रागाला घाबरला होता. अपराधी चेहरा खरं म्हणजे माझा असायला हवा होता, पण तो चहाच्या कपामागे होता.

उशिरा दिलेल्या शिक्षेचा उपयोग का होत नाही, हे आपल्याला तरी कळायला हवं. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण शिकतो की फीडबॅक उशिरा आला तर सिस्टिम सुधारत नाही, उलट बिघडते. रात्री दोन वाजता खाल्लेल्या सालीचा फीडबॅक सकाळी सात वाजता पेपरच्या गुंडाळीतून मिळाला, तर कुत्रा त्यातून एवढंच शिकतो की सकाळी बाबांपासून लांब राहावं.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. जे काम केल्यावर बक्षीस कधी मिळतं, कधी मिळत नाही, ते काम सोडवणं सगळ्यात अवघड, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांतून फार पूर्वीच सिद्ध झालं आहे. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस असाच अडकतो. उघडी बादली ही कुत्र्याची लॉटरी. नऊ रात्री फक्त कांद्याची सालं, दहाव्या रात्री चिकन. मग तो अकराव्या रात्री येणार नाही तर काय करणार?

आमच्या मेकॅनिकलच्या सिलॅबसमध्ये 'पोका-योके' नावाचा प्रकार आहे. परीक्षेत दोन मार्कांना येतो आणि मग आपण विसरतो. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. माणसाला "चूक करू नकोस" असं शंभरदा बजावण्यापेक्षा वस्तूच अशी बनवा की चूक करता येणार नाही. सिम कार्डाचा एक कोपरा कापलेला असतो तो यासाठीच, म्हणजे ते उलटं बसत नाही. या पद्धतीचं आधीचं नाव 'बाका-योके' होतं, म्हणजे मूर्खापासून बचाव. कामगारांना तो अपमान वाटला म्हणून ते बदलून 'चुकीपासून बचाव' केलं. मला हे नाव बदलणं फार आवडतं. चूक करणारा मूर्खच असतो असं नाही. चूक करायला वाव आहे एवढंच.

तर घरी आम्ही बादलीचं पोका-योके केलं. बादली ओट्याखालच्या कपाटात गेली आणि कपाटाला लहान मुलांसाठी मिळतं ते लॉक लागलं. ओला कचरा क्लिपच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. हाडं आणि कोयी घंटागाडी येईपर्यंत पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात असं मी कुठेतरी वाचलं होतं. ते सांगितल्यावर आजीने कपाळावर हात मारला. "खरकटं फ्रीजमध्ये? मग मी या घरात जेवत नाही!" शेवटी तडजोड झाली, कोयींसाठी माळ्यावर एक पत्र्याचा डबा. रोज संध्याकाळी ब्रुनोला अर्ध्या तासाऐवजी एक तास फिरवणं सुरू झालं, कारण कंटाळलेला कुत्रा जास्त उद्योग करतो. आणि त्याला 'सोड' शिकवलं. तोंडातली वस्तू ओढून घ्यायची नाही, तिच्या बदल्यात त्याहून चांगली वस्तू द्यायची. ओढून घेतलं तर कुत्रा पटकन गिळून टाकतो, हे फार महत्त्वाचं! पोळीच्या तुकड्यावर तो तीन आठवड्यांत शिकला. बाबांना पेपर वाचल्यावर घडी घालून ठेवायला शिकवायला जास्त वेळ लागला.

तिखट आणि फिनाईल आम्ही वापरलं नाही. तिखटाने डोळे-नाक भाजतात, फिनाईल पोटात गेलं तर विष आहे, आणि भुकेला प्राणी दोन्ही सोसून खातो. भावी केमिकल इंजिनिअर मैत्रिणींनी कृपया नोंद घ्यावी.

आता परत हॉस्टेलवर येऊ.

ओरल्स संपल्यावर आमच्या मजल्याने प्रत्येकी तीस रुपये काढले. दोन झाकणाच्या बादल्या आणल्या, एक ओल्या कचऱ्याची, एक सुक्याची. झाकणाला क्लिप. दोन्ही बादल्या जिन्याच्या ग्रिलला सायकलच्या साखळीने बांधल्या, म्हणजे त्या आडव्या होत नाहीत. पॅडसाठी वेगळा झाकणाचा डबा, आणि गुंडाळलेल्या कागदावर लाल स्केचपेनने ठिपका. ही लाल ठिपक्याची कल्पना पुण्याची आहे. तिथल्या कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने तो आग्रह धरला, कारण पुडी उघडून आत काय आहे ते हाताने पाहावं लागू नये. मावशींना ग्लोव्हजही आणले. त्यांनी ते दोन दिवस घातले, मग म्हणाल्या, "पोरी, यात झाडू धरवत नाही." त्यांच्या मापाचे परत आणले. तेव्हा लक्षात आलं की माप विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

केटीने काय केलं? पहिले तीन दिवस तिने आधीपेक्षा जास्त धुमाकूळ घातला. झाकण खाजवलं, साखळी ओढली, अर्धी रात्र भांडी वाजल्यासारखा आवाज. "बघ, तुझा उपाय फेल," असं मला ऐकवलं गेलं. पण बक्षीस एकदम बंद झालं की प्राणी आधी जोर लावतो आणि मग सोडून देतो. पाचव्या दिवसापासून ती आमच्या बादल्यांकडे फिरकली नाही. नंतर सबमिशनच्या रात्री कुणीतरी पिझ्झाचा बॉक्स झाकणावर तसाच ठेवला आणि पुढचे चार दिवस ती परत आली. एका बॉक्सने चार दिवस! बाकी दोन मजल्यांच्या बादल्या अजूनही उघड्याच आहेत आणि अजूनही पडतात. शेजारी शेजारी ठेवलेला याहून चांगला एक्स्पेरिमेंट लॅबमध्येही मिळणार नाही.

विरोधी पक्षाचं म्हणणंही मी ऐकलं आहे आणि त्यात तथ्य आहे. रीडिंग रूममधून रात्री अकराला एकटीने परत येताना बादल्यांपाशी चार कुत्री भांडत असली की माझेही पाय थबकतात. रेबीज ही चेष्टा नाही. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच लस घ्यायची, हे प्रत्येक खोलीत माहीत हवं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, बसस्टँड अशा आवारांतली भटकी कुत्री हलवायला सांगितलं, त्यावरही कॉमन रूममध्ये दोन तट आहेत. त्या वादात मी इथे पडत नाही. माझा मुद्दा एवढाच की ती चार कुत्री बादल्यांपाशीच का भांडतात? ग्रंथालयासमोर का नाही? आणि उद्या केटी गेली आणि बादली उघडीच राहिली, तर तिच्या जागी मांजर येईल, घुशी येतील, कावळे तर आत्ताच येतात. त्यांच्यासाठी कुठली नोटीस लावणार?

आणि कुणीच आलं नाही, असं धरून चालू. तरी सकाळी साडेसातला मावशी येणारच आहेत. केटीने त्या दिवशी फक्त एवढंच केलं की मावशी रोज हाताने जे उचलतात ते आम्हाला आणि मेसला जाणाऱ्या मुलांना एकदा दाखवलं. आम्हाला लाज वाटली ती दिसलं म्हणून. मावशींच्या हातात ते रोज होतं तेव्हा वाटली नव्हती. माझा राग खरं म्हणजे याच्यावर आहे.

म्हणून रेक्टर सरांना आणि मेस कमिटीला नम्र विनंती. सर, दंडाच्या नोटीसशेजारी अजून एक नोटीस लावा. प्रत्येक मजल्याला क्लिपच्या झाकणाच्या आणि बांधलेल्या बादल्या द्या. त्या रात्री दहाऐवजी सकाळी सातला खाली आणायची ड्यूटी आम्हाला द्या, आम्ही करू. मेसचं उरलेलं अन्न मागच्या भिंतीपाशी ओतणं बंद करा. आणि बॉईज हॉस्टेलच्या मित्रांनो, तुमच्याकडे बादलीच नाही असं ऐकलं. आधी ती आणा, मग झाकणाचं बघू.

राहता राहिला ब्रुनो. शाळेत सिस्टर सांगायच्या, ज्याचं नुकसान केलं त्यालाच सॉरी म्हणायचं, दुसऱ्याला म्हणून चालत नाही. ब्रुनोला मी ऑपरेशनच्या रात्रीच सॉरी म्हटलं, त्याने ग्लानीत शेपटी हलवली. त्याला काय कळलं असेल ते असो. बाबांना मात्र अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, त्या रात्री ब्रुनोने गॅलरीच्या दाराची कडी नाकाने उघडली. पाहुण्यांना ते हे कौतुकाने सांगतात, "आमचा कुत्रा इतका हुशार आहे की..."

बाबा, या सुट्टीत मासिक घरी आणणार आहे. पान तुम्हीच उघडा. कडी मी लावलीच नव्हती.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, यांत्रिकी